आधी ठराव, मग काम : हाउसिंग सोसायटीची कमिटी चालवायची कशी

रविवारी सकाळी पाण्याचा पंप जळतो. सेक्रेटरी ओळखीच्या माणसाला बोलावून अठ्ठावीस हजारांत नवा पंप बसवून घेतात आणि दुपारी बाराला नळ सुरू होतात. सगळे खूश असतात. सप्टेंबरच्या सभेत मात्र तिसऱ्या मजल्यावरचे काका उठून विचारतात, "कोटेशनं किती घेतली? ठराव कुठंय?" ठराव नसतो. वर्षभर फुकट राबलेला माणूस दहा मिनिटांत आरोपी होतो आणि पुढच्या वेळी त्या पदासाठी कुणीच हात वर करत नाही.

सोसायट्यांमधली बरीच भांडणं अफरातफरीतून होत नाहीत, अशा बिनकागदाच्या चांगल्या कामांतून होतात. कमिटीतल्या एकट्यादुकट्याला कायद्याने फारसे अधिकार नाहीत. अधिकार सभेला आहेत आणि सभेत काय ठरले याचा पुरावा म्हणजे इतिवृत्त. हे पचले की बाकीचे काम पुष्कळ सोपे होते.

तुमची इमारत कोणत्या कायद्याखाली येते?

नोंदणी प्रमाणपत्र काढून बघा. महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्था असतात. २०१९ साली या कायद्यात खास गृहनिर्माण संस्थांसाठी १५४-ब या कलमाचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यामुळे जुन्या पुस्तकांतले कलम क्रमांक आज जसेच्या तसे वापरू नयेत. पुण्यात मात्र अनेक इमारती १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या असोसिएशन असतात, ज्यांना लोक काँडोमिनियम म्हणतात. फरक मोठा आहे. सहकारी संस्थेत सेवा शुल्क सर्व सदनिकांना सारखे असते, तर अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. शेजारच्या इमारतीचे बघून आपले बिल बदलायला गेले की घोळ इथेच होतो. गोव्याचा सहकार कायदा वेगळा, २००१ चा. यापुढचे सगळे महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेबद्दल आहे.

दुसरा कागद म्हणजे उपविधी, आपल्या बोलण्यातले बायलॉज. शासनाचे आदर्श उपविधी २०१४ चे आहेत, पण ते तुमच्या सर्वसाधारण सभेने स्वीकारून सहकार खात्याच्या निबंधकांकडे (रजिस्ट्रार) नोंदवले असतील तरच तुमचे. अनेक जुन्या सोसायट्या अजून आधीच्याच उपविधींवर चालतात आणि भांडताना नव्यातली कलमे वाचून दाखवतात. शिक्का असलेली नोंदणीकृत प्रत आणि नंतरच्या दुरुस्त्या शोधा, स्कॅन करा, सगळ्या सभासदांना पाठवा. खाली दिलेले आकडे आदर्श उपविधींतले आहेत. ते आपल्या प्रतीशी ताडून घ्या.

कमिटीत किती जण आणि किती काळ

शंभरपर्यंत सभासद असतील तर व्यवस्थापक समिती ११ जणांची : सर्वसाधारण ६, महिला २, अनुसूचित जाती-जमाती १, इतर मागास वर्ग १, विमुक्त जाती-भटक्या जमाती-विशेष मागास प्रवर्ग १. सभासद १०१ ते २०० असतील तर १३, मग १५, १७ आणि ५०० च्या वर १९. अकराच्या समितीची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी (कोरम), ६. सोळा घरांच्या इमारतीत राखीव जागांसाठी पात्र माणसेच नसतात, हे नेहमीचे. अशा जागा रिकाम्या राहिल्या तर त्या गणपूर्तीत मोजत नाहीत. संख्या भरायची म्हणून नावे लिहून सह्या गोळा करू नका. त्या सहीबरोबर जबाबदारीही येते, कारण समितीच्या निर्णयांना सगळे सदस्य वैयक्तिक आणि सामूहिक जबाबदार असतात. एखादा निर्णय पटला नाही तर "माझा विरोध नोंदवा" असे सभेतच सांगून तो इतिवृत्तात लिहून घ्यावा. जिन्यात कुजबुजलेला विरोध पुढे उपयोगी पडत नाही.

मुदत ५ वर्षे. २५० पर्यंत सभासदांच्या संस्था निवडणूक निर्णय अधिकारी नेमून आपली निवडणूक आपण घेऊ शकतात. त्याहून मोठ्या संस्थांची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या यंत्रणेकडून होते. मुदत संपायच्या सहा महिने आधी कागद हलवायला लागा. मुदत उलटून गेली आणि निवडणूक झाली नाही तर निबंधक बाहेरचा प्रशासक आणून बसवू शकतात. त्याचे मानधन मग सोसायटीच भरते.

थकबाकीदार सभासद समितीवर राहू शकत नाही. मागणीची लेखी नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर तो थकबाकीदार ठरतो. म्हणजे नोटीस दिल्याची पोच जपलेली हवी, नाहीतर उमेदवारी अर्ज फेटाळणे टिकत नाही.

पहिला महिना : ताबा घ्या, तोही यादी करून

नव्या समितीची पहिली सभा पदाधिकारी निवडते : अध्यक्ष, सचिव, खजिनदार. त्याच सभेत दोन ठराव करून टाका. पहिला बँकेतल्या सह्या बदलण्याचा, दुसरा दप्तराचा ताबा घेण्याचा. बँक ठरावाची प्रत, निवडणुकीचा निकाल आणि नव्या सहीदारांचे केवायसी मागते. हे एक-दोन आठवडे चालते, म्हणून सिक्युरिटी आणि वीजबिलाचे त्या महिन्याचे चेक जुन्या समितीकडून आधीच काढून घ्यावेत.

ताबा घेताना दोन प्रतींत यादी करा आणि दोन्हीकडून सह्या घ्या. यादीत काय हवे? नोंदणी प्रमाणपत्र, उपविधी, अभिहस्तांतरण दस्त (जमीन-इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर झाल्याचा कागद; झाले नसेल तर बिल्डरवाचून सरकारी आदेशाने ते करून घेण्याची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, फाइल कुठवर आली ते), भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशे, 'आय' आणि 'जे' नमुन्यातल्या सभासद नोंदवह्या, भाग दाखल्यांची (शेअर सर्टिफिकेट) स्थळप्रत, नामनिर्देशन नोंदवही, सर्वसाधारण आणि समिती सभांची वेगवेगळी इतिवृत्त पुस्तके, मुदत ठेवींच्या मूळ पावत्या, मागचे लेखापरीक्षण अहवाल, लिफ्टचा परवाना आणि देखभाल करार, विमा पॉलिसी, पॅन आणि टॅन.

यात अलीकडे एक नवी डोकेदुखी आली आहे. नेट बँकिंगचा ओटीपी, सोसायटीच्या ॲपचे ॲडमिन, मालमत्ता कराचे लॉगिन, सीसीटीव्हीचा पासवर्ड हे सगळे जुन्या सेक्रेटरींच्या मोबाइलला जोडलेले असते, आणि ते फ्लॅट विकून मुलाकडे बंगळुरूला गेलेले असतात. सोसायटीच्या नावाने एक सिमकार्ड आणि एक ईमेल घ्या. दोन्ही पदाबरोबर फिरले पाहिजेत.

कोण काय करतो

अध्यक्ष देखरेख करतो, सभा चालवतो, आणि समसमान मते पडली तर निर्णायक मत देतो. खरे ओझे सचिवावर असते : नोटिसा काढणे, इतिवृत्त लिहिणे, पत्रव्यवहार, नोंदवह्या, मागणी बिले, थकबाकीदारांची यादी समितीपुढे ठेवणे. खजिनदार जमा-खर्च बघतो. त्याने दर महिन्याला बँकेचा ताळमेळ आणि मुदत ठेवींची यादी समितीपुढे ठेवली तर वर्षअखेरची अर्धी धावपळ वाचते.

उरलेले आठ जण फक्त चहाला येत असतील तर कमिटी दोन वर्षांत थकते. त्यांना विषय वाटून द्या : पाणी, लिफ्ट, सुरक्षा, पार्किंग. मॅनेजर किंवा अकाउंटंट पगारी असला तरी सही आणि जबाबदारी समितीचीच. समिती सदस्याने सोसायटीचे कंत्राट स्वतः घेऊ नये, नातेवाइकांच्या नावावरही नाही. दर कितीही स्वस्त असला तरी.

मासिक सभा आणि इतिवृत्त

समितीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हावी, तीन पूर्ण दिवसांची नोटीस देऊन. पूर्ण दिवस मोजताना नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडायचे. विषयपत्रिकेत 'इतर विषय' हे पोते ठेवले की त्यात हवे ते कोंबले जाते. खर्चाचा कोणताही विषय स्वतंत्र लिहा. नोटिशीबरोबर कोटेशनांचा तक्ता आधीच पाठवला तर सभा तासाभरात आटोपते.

इतिवृत्त म्हणजे संवादाचे टिपण समजू नका. कोण रागावले, कोण काय बोलले, हे लिहायची गरज नाही. ठराव असा असावा की चार वर्षांनी, त्या सभेतला कुणीही इमारतीत नसताना, लेखापरीक्षकाला समजेल :

"ठराव क्र. ७ : पाण्याच्या टाकीजवळील ५ अश्वशक्तीचा पंप १२ जून रोजी जळाल्यामुळे तातडीने बदलण्यात आला. एकूण खर्च २८,००० रुपये, जीएसटीसह. बिल क्रमांक व दोन वर्षांचे हमीपत्र समितीने पाहिले. सदर खर्चास कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे. सूचक : ए-३०२. अनुमोदक : बी-१०४. बाजूने ७, विरोधात १ (बी-२०३, कारण : एकच कोटेशन)."

सुरुवातीच्या पंपाचे दुखणे एवढ्या कागदाने बऱ्यापैकी बरे होते. तातडीच्या कामात आधी फोनवरून तीन-चार सदस्यांची संमती घ्या आणि पुढच्याच सभेत कार्योत्तर मंजुरी घ्या, सहा महिन्यांनी नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले अकरा अंगठे म्हणजे ठराव होत नाही. ग्रुप निरोपांसाठी ठेवा.

एकदा सही झालेल्या पानावर खाडाखोड करू नये. चूक निघाली तर पुढच्या सभेत दुरुस्तीचा ठराव घ्यावा. छापील पाने चिकटवत असाल तर पानाला क्रमांक आणि सांध्यावर सही हवी. सुटी पाने फाइलला लावलेली इतिवृत्ते भांडण कोर्टात गेल्यावर पहिल्यांदा संशयात येतात.

उपसमित्या

मोठ्या संकुलात उपसमित्यांवाचून गाडा चालत नाही, पण त्या बहुतेकदा हवेत नेमल्या जातात. "शहाकाका आणि तुम्ही तिघं बघा ना जरा पार्किंगचं" असे म्हणून नेमलेली समिती सहा महिन्यांत विरते, नाहीतर दुसरी कमिटी होऊन बसते. नेमणुकीच्या ठरावात काम काय, सदस्य कोण (तीन ते पाच पुरेत, त्यात निदान एक व्यवस्थापक समितीचा), कोणत्या तारखेपर्यंत आणि किती रुपयांपर्यंत खर्चाची मुभा, एवढे लिहा. उपसमितीने शिफारस करावी. करारावर सही करायचा आणि कंत्राटदाराला शब्द द्यायचा अधिकार तिला नसतो, हे कंत्राटदारालाही सांगून ठेवावे.

गणपती-नवरात्राच्या समितीचे पैसे पूर्ण वेगळे ठेवा. वर्गणी ऐच्छिक असते. ती मेंटेनन्सच्या बिलात टाकली की न भरणारा सभासद थकबाकीदार ठरत नाही, उलट समिती अडचणीत येते. उत्सव संपल्यावर पंधरा दिवसांत हिशेब बोर्डावर लावला तर पुढच्या वर्षी वर्गणी मागायला फार जिने चढावे लागत नाहीत.

मेंटेनन्सचे बिल : कोणता खर्च कसा वाटायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सगळा खर्च एकाच निकषाने वाटायचा नसतो. मालमत्ता कर ज्याच्या सदनिकेचा जेवढा आकारला तेवढा. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. इमारतीचा विमा क्षेत्रफळावर. लिफ्टचा खर्च लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सर्वांना सारखा, तळमजल्यालासुद्धा. सेवा शुल्क, म्हणजे सुरक्षा, सफाई, सामाईक वीज, कार्यालय, लेखापरीक्षण वगैरे, प्रत्येक सदनिकेला सारखे. वन बीएचके असो की थ्री.

मोठ्या फ्लॅटने जास्त द्यावे हे अनेकांना न्याय्य वाटते, पण सहकारात घर लहान असो वा मोठे, सभासद एक आणि मत एक. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली तेव्हापासून या चळवळीचा पाया हाच आहे. वॉचमन मोठ्या फ्लॅटवर जास्त वेळ पहारा देत नाही, हा युक्तिवाद सभेत लवकर पटतो.

चाळीस सदनिकांची, दोन लिफ्टची इमारत धरू. महिन्याला सुरक्षा ४५,०००, सफाई १४,०००, सामाईक वीज १८,०००, हिशेबनीस ६,००० आणि कार्यालय, लेखापरीक्षण, किरकोळ मिळून ५,०००. एकूण ८८,००० भागिले ४०, म्हणजे सेवा शुल्क २,२०० रुपये. लिफ्टचा करार आणि वीज मिळून १२,०००, म्हणजे सदनिकेला ३००.

आता निधी. दुरुस्ती व देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के, आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी, किमान ०.२५ टक्के. बांधकाम खर्च म्हणजे करारनाम्यातली किंमत नव्हे. जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. आर्किटेक्टकडून तो आकडा एकदा लेखी घेऊन सभेत मंजूर करा. एका सदनिकेचा बांधकाम खर्च २० लाख असेल तर दुरुस्ती निधी वर्षाला १५,०००, म्हणजे महिना १,२५०, आणि सिंकिंग फंड वर्षाला ५,०००, महिना सुमारे ४१७. तीस लाखांच्या सदनिकेला हेच १,८७५ आणि ६२५. म्हणजे मोठ्या फ्लॅटचे बिल इथे आपोआप वाढते. "सगळं सारखं" म्हणणाऱ्यांना आणि "सगळं स्क्वेअर फुटांवर" म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हा तक्ता दाखवावा.

बिल कमी दिसावे म्हणून सिंकिंग फंड बंद ठेवणाऱ्या समित्या लोकप्रिय असतात. पंचविसाव्या वर्षी प्लास्टर पडायला लागते तेव्हा प्रत्येक घराला दीड-दोन लाखांची मागणी जाते आणि नुकताच फ्लॅट घेतलेला माणूस आधीच्यांचे न भरलेले पैसे भरतो. सिंकिंग फंड वेगळ्या मुदत ठेवीत गुंतवा. तो मोठ्या दुरुस्तीला किंवा पुनर्बांधणीलाच, तोही सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने वापरता येतो. रोजच्या खर्चाला त्यातून उसने घेण्याची सवय लागू देऊ नका.

भाडेकरू ठेवलेल्या सदनिकेला बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येते. वरच्या उदाहरणात २२० रुपये, त्यापेक्षा एक रुपयाही जास्त नाही. सभासदाचे आई-वडील, भाऊ-बहीण, मुले-नातवंडे राहत असतील तर तेही लावायचे नाही. "भाडेकरूंकडून दुप्पट मेंटेनन्स" असा ठराव सभेने एकमताने केला तरी तो टिकत नाही. फ्लॅट विकताना सोसायटी घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याचेही (ट्रान्सफर प्रीमियम) तसेच. २००१ च्या परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत कमाल २५,००० रुपये. त्यावरची 'ऐच्छिक देणगी' किती ऐच्छिक असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

जीएसटीचा प्रश्न दोन्ही अटी पुऱ्या होतात तेव्हाच येतो : सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर आणि सभासदाचे मासिक मेंटेनन्स ७,५०० च्या वर. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, मात्र लहान सोसायट्याही विसरतात. कंत्राटदाराला एका वेळी ३०,००० पेक्षा किंवा वर्षभरात मिळून एक लाखापेक्षा जास्त दिले की व्यक्तीला १ टक्का आणि कंपनी-भागीदारीला २ टक्के कापून भरावा लागतो. रंगकामाचे बिल पूर्ण देऊन बसल्यावर हे आठवले तर रक्कम व्याजासह सोसायटीच्या खिशातून जाते.

थकबाकी

उशिराच्या पैशांवर सरळव्याज, सभेने ठरवलेल्या दराने. आदर्श उपविधींत कमाल २१ टक्के. दहा हजार रुपये तीन महिने थकले तर २१ टक्क्यांनी ५२५ रुपये. सॉफ्टवेअर व्याजावर व्याज लावत नाही ना, हे एकदा हाताने मोजून बघा. अनेक बिलांत ही चूक वर्षानुवर्षे चालू असते आणि वसुलीच्या दाव्यात नेमकी तीच पकडली जाते.

क्रम असा : दर तिमाहीला थकबाकीचे पत्र, मग बिलवार उताऱ्यासह मागणी नोटीस, मग आठवण, मग शेवटची नोटीस. प्रत्येकाची पोच किंवा स्पीड पोस्टाची पावती ठेवा. तरी पैसे आले नाहीत तर समितीचा ठराव करून कलम १५४-ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करा. सोबत दर मंजूर केलेल्या सभेचा ठराव, बिलांच्या प्रती, खातेउतारा आणि नोटिसा लागतात. दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते, जप्तीपर्यंत. पाणी तोडणे, लिफ्टचे कार्ड बंद करणे, पाहुण्यांना गेटवर अडवणे हे उपाय करू नका. पैसे येत नाहीत आणि सोसायटीऐवजी तो सभासदच तक्रारदार होतो.

मोठी दुरुस्ती

समितीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर एका वेळी किती खर्च करता येतो ते सभासदसंख्येवर ठरते : २५ पर्यंत सभासद असतील तर २५,०००, पन्नासपर्यंत ५०,०००, त्यावर एक लाख. याहून मोठे काम सर्वसाधारण सभेपुढे गेलेच पाहिजे. एकच काम तीन बिलांत तोडून मर्यादेत बसवणे हा जुना खेळ आहे आणि लेखापरीक्षकांना तो पाठ आहे.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या वर तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करायची. गच्चीच्या गळतीचे उदाहरण घ्या. ऑक्टोबरात, गळतीच्या खुणा ओल्या असताना, अभियंत्याकडून पाहणी करून घ्या. त्याच्याकडून कामाचे परिमाणपत्रक बनवून घ्या : किती चौरस मीटर जुना थर काढायचा, कोणते साहित्य, किती थर, उतार किती, पाण्याच्या तोट्यांभोवती काय. हेच पत्रक तीन कंत्राटदारांना द्यायचे. नाहीतर एक जण ब्रिकबॅट कोब्याचा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) दर देतो, दुसरा नुसत्या केमिकलचा, आणि समिती सफरचंदाचा पेरूशी भाव जुळवत बसते. लखोटे समिती सभेत उघडा, तुलनात्मक तक्ता करा, सभेची मंजुरी डिसेंबरपर्यंत घ्या, काम फेब्रुवारी-मार्चमध्ये. मेच्या शेवटी सुरू झालेले काम पहिल्या सरीत वाहून जाते.

कार्यादेशात (वर्क ऑर्डर) एकरकमी आकड्याऐवजी दर आणि परिमाण लिहा, आणि झाकले जाणारे थर झाकायच्या आधी मोजा. आगाऊ रक्कम दहा टक्क्यांच्या आसपास पुरे. पुढचे हप्ते अभियंत्याने बिल तपासल्यावर. काम झाल्यावर गच्चीत पाणी साठवून ४८ तास ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का पाहा. पाच ते दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. कंत्राटदार कुरकुरतो. ही अट सुरुवातीला लिहिली नसेल तर नंतर ती घालता येत नाही.

गळती कुणाची, हा रोजचा वाद. गच्ची, बाहेरची भिंत, सामाईक पाइप यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. वरच्या घरातल्या बाथरूमच्या किंवा सिंकच्या खालून येणारी गळती त्या सभासदाने. कोणती आहे हे ठरवायला प्लंबरच्या अंदाजापेक्षा रंग टाकलेले पाणी सोडून बघणे बरे.

अग्निसुरक्षेचे काम वर्षातून दोनदा येते. यंत्रणा चालू असल्याचे 'ब' नमुना प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलैत घ्यायचे असते. कागद घेण्यापूर्वी होज रीलमधून पाणी खरोखर येते का ते उघडून बघा. पुनर्विकास हा मात्र वेगळा आणि मोठा विषय आहे. त्याला ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाची स्वतंत्र कार्यपद्धती आहे, आणि ती वाचल्याशिवाय बिल्डरबरोबर पहिली बैठकसुद्धा घेऊ नये.

वार्षिक सभेचे वेळापत्रक

३१ मार्चला वर्ष संपते. हिशेब ४५ दिवसांत, म्हणजे १५ मेपर्यंत, तयार. लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत. लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेवरचा आणि आधीच्या वार्षिक सभेने नेमलेला हवा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत. नोटीस १४ पूर्ण दिवसांची, विशेष सभेला ५. म्हणजे २१ सप्टेंबरला सभा असेल तर नोटीस ६ तारखेच्या आत प्रत्येकाच्या हाती पडली पाहिजे, हिशेबपत्रके आणि लेखापरीक्षण अहवालासह.

गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली जी कमी असेल ती. चाळीस सभासदांत २०, चोवीसांत १६. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते. त्याच दिवशी उशिरा घेण्याचे नोटिशीत लिहिले असेल तर तेव्हा, नाहीतर ७ ते ३० दिवसांत. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नोटिशीत हे एक वाक्य राहिले तर पुन्हा आठवडाभर थांबावे लागते.

मत सभासदाचे, माणशी एक. प्रॉक्सी आणि मुखत्यारपत्र चालत नाही. जोडनावाच्या सदनिकेत पहिल्या नावाचा हक्क, ते हजर नसतील तर दुसऱ्याचा. दारात हजेरी घेणाऱ्याकडे सभासदांची 'जे' यादी असू द्या. "मी त्यांचा मेहुणा" म्हणून आलेल्यांना अदबीने मागच्या खुर्चीवर बसवावे, मतदानात धरू नये. सभासदांपैकी एक पंचमांश जणांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावीच लागते. ती टाळणाऱ्या समित्यांना निबंधकांचे पत्र येते.

लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांची पूर्तता 'ओ' नमुन्यात तीन महिन्यांत द्यायची असते. सभा संपली की सगळे हे विसरतात आणि पुढच्या वर्षी तेच दोष, त्याच शब्दांत, पुन्हा छापून येतात.

तक्रारी आणि कागद मागणारे सभासद

तक्रार लेखी घ्या, पोच द्या, पुढच्या समिती सभेत ठेवा आणि निर्णय पंधरा दिवसांत कळवा. नकार असला तरी कारणासह. सभासदाने उपविधी, हिशेब, सभांची इतिवृत्ते किंवा स्वतःच्या व्यवहाराचे कागद मागितले तर शुल्क घेऊन ४५ दिवसांत प्रती द्याव्या लागतात. काही जण त्रास द्यायलाच मागतात, हे खरे. त्यांनाही द्या. कागद अडवले की जे लपवायचे नव्हते तेही लपवल्यासारखे दिसते.

समितीच्या उत्तराने समाधान झाले नाही तर दार कोणते ठोठवायचे ते विषयावर ठरते. सभासदत्व, नोंदी न देणे, सभा न घेणे, जादा हस्तांतरण शुल्क यांसाठी उपनिबंधक. सभेतल्या ठरावाची वैधता, समितीची निवडणूक, पार्किंगचे वाटप, खर्चाची विभागणी यांसाठी सहकार न्यायालय. अनधिकृत बांधकामासाठी महापालिका, मारामारी-शिवीगाळीसाठी पोलीस ठाणे. चुकीच्या दारात गेलेल्या अर्जाचे वर्ष वाया जाते आणि तेवढ्या काळात जिन्यात एकमेकांशी बोलणे बंद होते. ही यादी सोसायटीच्या बोर्डावर लावून ठेवायला एक पान पुरते.